गाडी तिच्या नावावर

साहेब येणार म्हटलं की गल्लीतल्या बायका सकाळीच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसत. घरातलं पाणी भरून, पोरांना खाऊ घालून, केस नीट बांधून. कुणी लिंबू पिळलेल्या फडक्याने गाडीची काच पुसे, कुणी त्याच ओल्या फडक्याने आपल्या पोराचं नाक पुसे. मग एकेक जण आपापल्या गाडीत चढे. आपापल्या म्हणजे कागदावर आपापल्या.

"अगं, ही तुझी का माझी?" समोरची चढता चढता ओरडली. "मला मेल्या सगळ्या एकसारख्याच दिसतात."

"तुझ्या नवऱ्याचा वास येतो का बघ. येत असेल तर तुझी."

गल्ली हसली. धाकटीही हसली. तिच्या मांडीवर तिची ठकी होती, नुकती रांगायला लागलेली, आणि गाडीची मूठ तोंडात घालायचा तिचा निश्चय झालेला होता. घरातली सगळ्यांत लहान सून म्हणून धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. तिच्या सासूबाई दारात उभ्या राहून बजावत होत्या, "पोरीला इकडे दे. फोटोत पोर दिसलं तर बरं नाही. चालवणारी बाई वाटली पाहिजेस."

झालं होतं असं, की शहरातला धूर कमी करायचं सरकारने मनावर घेतलं होतं. जुने डिझेलचे टेम्पो भंगारात काढायचे आणि त्यांच्या जागी बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी मालगाड्या आणायच्या. किमतीतला मोठा वाटा सरकार भरणार. अट एकच: गाडी बाईच्या नावावर हवी आणि ती बाईनेच चालवायला हवी. कुणा भल्या माणसाने ती अट चांगल्या मनानेच घातली असणार. हवाही स्वच्छ होईल आणि ज्यांच्या हाती कधी काही लागत नाही त्यांच्या हाती एक चाक येईल. गल्लीने ती अट अशी गिळली, की साधी ढेकरही दिली नाही. बायकांच्या सह्या झाल्या. परीक्षेच्या दिवशी बायका घरी भांडी घासत होत्या आणि त्यांचे परवाने एजंटाच्या पिशवीतून घरपोच आले. गाड्या आल्या. किल्ल्या पुरुषांच्या खिशात गेल्या. आणि वर्षातून एकदा साहेब पाहणीला आले, की बायकांनी सीटवर बसायचं, ही रीत पडली. रीत पडायला वेळ लागत नाही. बाईचं नाव आणि पुरुषाची सोय एकत्र आली, की ती आठवड्यात पडते आणि मग जुनी असल्यासारखी वागवली जाते.

अनुदान योजनेचे साहेब आले. गोरेगोमटे, गोड बोलणारे. धाकटीजवळ येऊन थांबले.

"ताई, जरा पुढे सरका. पॅसेंजरसारख्या बसलाय."

म्हणजे त्यांना माहीत होतं. धाकटी पुढे सरकली.

"गाडी चालते ना व्यवस्थित?"

"हो साहेब."

फोटो निघाला. साहेब गल्लीच्या टोकाला दिसेनासे झाले आणि पाण्याच्या टाकीमागे विड्या ओढत बसलेले पुरुष बाहेर आले. धाकटीचे थोरले दीर, त्यांना घरात सगळे दादा म्हणत, सीटशी येऊन उभे राहिले आणि मोठ्या अदबीने वाकले.

"उतरा आता, मालकीणबाई. धंद्याची वेळ झाली."

ती उतरली. दादा बसले, मूठ पिळली आणि गाडी आवाज न करता निघून गेली. दादांकडे स्वतःचा परवाना नव्हता. पूर्वी होता, दारू पिऊन टेम्पो चालवल्याबद्दल तो गेला होता. पण मालवाहू गाडीच्या पाठीवर एका बाईचं नाव रंगवलेलं असलं, की कोण थांबवतंय?

मालकीणबाईंची मालकी अशी होती: दुपारी गाडी धुवायची आणि रात्री चार्जिंगला लावायची. चार्जरची वायर धाकटीच्या खोलीच्या खिडकीतून आत येई, पलंगावरून जाई आणि पाळण्यामागच्या प्लगात शिरे. दुसऱ्या खोल्यांतही प्लग होते. पण सासूबाईंचं म्हणणं, "गाडी तुझी, मग वायर आणखी कुणाच्या खोलीतून जाणार?" चार्जिंग चालू असलं की पंखा लावायचा नाही, तारा तापतात म्हणून. उन्हाळ्यात ठकी घामाने न्हाऊन रडे आणि धाकटी पुठ्ठ्याने तिला वारा घाली. त्या लेकराचं ओलं जावळ बोटांनी मागे सारताना तिला वाटे, एवढा वारा घालून हात दुखतो, तेवढ्या वेळात आपण गाडी चालवायला शिकलो असतो.

एकदा तिने ते बोलूनही दाखवलं. जेवणं चालली होती.

"मी शिकले तर? सकाळचा दुधाचा फेरा तरी मी करीन."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "पोर अंगावर पितंय आणि हिला गाडी पाहिजे."

"शिक की," दादा म्हणाले. "आधी पोळपाटावरचं लाटणं सरळ चालव. कालच्या पोळीला पाच कोपरे होते."

सगळे हसले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पुठ्ठ्याच्या कारखान्यात कामाला होता, स्वभावाने गरीब. कुणाचं मन मोडायला नको म्हणून त्याने आजवर फक्त बायकोचंच मोडलं होतं.

"बघू," तो म्हणाला.

ते बघायचं राहिलं ते राहिलंच.

*

एके दिवशी दुपारी दादा पायी घरी आले. शर्टाची बटणं चुकीची लागलेली. घटाघट पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"बाजारात गाडी मागे घेत होतो," ते म्हणाले. "ती कंगवेवाली. मागेच बसली होती. मला काय माहीत मागे बसली आहे?"

कंगवेवालीला अख्खा बाजार ओळखत होता. फुटपाथच्या कडेला चादर पसरून ती कंगवे, फण्या, केसांचे चाप विकायची. एकटी बाई, वय झालेलं. ठकीसाठी मऊ दातांचा कंगवा धाकटीने तिच्याकडूनच घेतला होता, आणि पोरीच्या चार केसांतून तो फिरवून दाखवत म्हातारी म्हणाली होती, "आत्ता चारच आहेत, पण काय तोरा आहे बाई!"

"गेली का?" धाकटीने विचारलं.

"पायावरून गेलं चाक. दवाखान्यात नेलंय. मी गाडी तिथेच टाकून आलो."

संध्याकाळी नवऱ्याने बातमी आणली. पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. ज्या बाईचा सगळा धंदा रोज ओझं उचलून बाजारापर्यंत चालत जाण्यावर होता, तिचा पाय.

बाजारात बघणारे पुष्कळ होते. पण त्यांतल्या निम्म्यांच्या घरी बायकोच्या नावाची गाडी उभी होती. त्यामुळे कुणाला काहीच दिसलं नव्हतं.

दादांनी योजनेच्या साहेबांना फोन लावला. फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. साहेबांचा आवाज तोच, गोड.

"पुरुष चालवत होता असं निघालं, तर अनुदान परत मागतील. तुमच्याकडूनच नाही, सगळ्या गल्लीकडून. आणि दादा, तुमचा परवाना आधीच गेलेला. तुम्ही आतच जाल. ताईंच्या नावावर गाडी आहे, परवाना आहे. त्या चालवत होत्या म्हटलं, की विषय मिटला. अपघात कुणाकडूनही होतो."

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्याविषयी बोलणं चाललं होतं, पण बाजारात उभ्या केलेल्या गाडीविषयी बोलावं तसं.

"मी नाही असं सांगणार," ती म्हणाली.

आता सगळ्यांनी पाहिलं.

"अगं, बाईमाणसाला कोण आत टाकतंय?" सासूबाई जवळ आल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या. "त्यातून तू लेकुरवाळी. साहेब लोकांनाही मुलंबाळं असतात. दोन शब्द बोलतील, सोडून देतील. दादाला धरलं तर ह्या घरात चूल कशी पेटणार?"

"आणि मला धरलं तर? ठकीने काय करायचं?"

"वरचं दूध नाही का मिळत?" सासूबाई म्हणाल्या.

वाचकहो, ह्या पाच शब्दांवर थोडं थांबा. वरचं दूध मिळतं, म्हणून आई काढून घेता येते. कुणी हात उगारला नव्हता, कुणी आवाज चढवला नव्हता. अशी घरं आरडाओरडा करत नाहीत. ती पाठीवरून हात फिरवतात.

पोलीस आले तेव्हा ती ठकीला पाजत होती. दारातच सासूबाईंनी सांगून टाकलं, "माझी सून चालवत होती हो. घाबरून घरी पळून आली बिचारी." पोलिसाने आत डोकावून पाहिलं, अवघडला, म्हणाला, "परवा ठाण्यावर या. गाडी आमच्याकडेच आहे. वाहन निरीक्षक येतील, त्यांच्यासमोर एक फेरी मारून दाखवा. मग जबाब घेऊ."

तो गेला. मग दादा हळूच म्हणाले, "हिला तर मूठ कुठली न् ब्रेक कुठला ते माहीत नाही."

*

म्हणून धाकटीचं शिक्षण सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दादांनी शेजाऱ्याची गाडी मागून आणली आणि गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर उभी केली. सासूबाईंनी स्वतः तिला चहा करून दिला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. नवऱ्याने ठकीला कडेवर घेतलं. आणि दादांनी आपल्या हाताने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"बस, धाकटे," ते म्हणाले. मालकीणबाई नाही, धाकटे. "अजिबात घाबरायचं नाही. फार सोपं आहे."

ते खरंच सोपं होतं. त्याचाच तिला पुढे सगळ्यांत जास्त संताप आला. हे बटण पुढे, हे मागे. उजव्या हाताची मूठ हळूच पिळायची. उजव्या पायाखाली ब्रेक. पहिल्या वेळी गाडीने गचका खाल्ला, दुसऱ्या वेळी ती वाकडी गेली, आणि थोड्या वेळाने मैदानाच्या कडेने सरळ धावू लागली. वारा तोंडावर आला. ठकी बापाच्या कडेवरून टाळ्या पिटत होती. आणि धाकटीला, देवाशपथ, आनंद झाला. छाती भरून आनंद झाला. दुसऱ्याच क्षणी तिला दवाखान्यातली कंगवेवाली आठवली आणि त्या आनंदाची अशी लाज वाटली, की तिने करकचून ब्रेक दाबला.

"शाब्बास!" दादा ओरडले. "ब्रेक असाच लागला पाहिजे. अगं, तुला तर उपजतच येतंय! आता मागे घेऊन दाखव."

तिने मागचं बटण दाबलं. गाडी किंचाळायला लागली. टीं टीं टीं, कानठळ्या बसतील असा भोंगा. दचकून तिने मूठ सोडली.

"काय झालं? काय बिघडलं?"

"बिघडलं नाही काही," दादा हसले. "मागे घेताना सगळ्याच ओरडतात. बॅटरीची गाडी ना, आवाज नसतो. मागच्या माणसाला कळावं म्हणून कंपनीच लावून देते."

"आपली नाही ओरडत."

"मी वायर काढली आपली. आल्या आल्याच काढली. दिवसभर डोक्याशी कटकट."

ते सहज म्हणाले. नखातला मळ काढला म्हणावं तसं. आणि तिला पुन्हा मुठीवर हात ठेवायला लावून म्हणाले, "चल, आणखी एकदा. उद्या तिथे मागे घ्यायला सांगतील नक्की."

धाकटीने आणखी एकदा मागे घेतली. मग आणखी एकदा. दुपारपर्यंत ती गाडी मागे घेतच राहिली, त्या किंचाळणाऱ्या आवाजात. दादांना वाटलं, बाई मन लावून शिकते आहे. शिकत तर ती होतीच.

त्या दिवशी तिला कुणी भांडी घासू दिली नाहीत.

*

ठाण्याच्या आवारात गाडी उन्हात उभी होती. मागच्या चाकावर वाळलेला डाग होता आणि त्यात एका लाल कंगव्याचा तुकडा अडकला होता, तो कुणी काढला नव्हता. वाहन निरीक्षक वयस्क होते, डोक्याला रुमाल बांधलेला. योजनेचे साहेब सावलीत खुर्ची घेऊन बसले होते. सासूबाईंच्या कडेवर ठकी होती. तिला भूक लागली होती आणि ती आईकडे हात पसरत होती.

"घ्या एक फेरी," निरीक्षक म्हणाले.

तिने फेरी घेतली. वळण नीट घेतलं, खांबापाशी वेग कमी केला. सावलीतले साहेब दादांकडे बघून मान डोलवत होते.

"आता मागे घ्या. माझ्यापर्यंत."

तिने मागे घेतली. गाडी गुपचूप सरकत आली. निरीक्षक काहीतरी लिहीत होते, मान खाली. गाडीची मागची फळी त्यांच्या पोटाला लागायला हातभर अंतर राहिलं, तेव्हा तिने ब्रेक दाबला. त्यांनी वर पाहिलं आणि दचकून दोन पावलं मागे सरले.

"अहो बाई!"

"आवाज ऐकू आला का तुम्हाला?" तिने खाली उतरत विचारलं.

"कसला आवाज?"

"तिलाही नाही आला."

 निरीक्षकांनी वाकून गाडीच्या खाली पाहिलं. तोडलेली वायर तिथे लोंबत होती, टोकाला धूळ बसून काळी पडलेली.

"ही कुणी तोडली?"

"ज्यांनी त्या दिवशी गाडी चालवली त्यांनी."

"म्हणजे तुम्ही नाही? पण तुम्ही तर चांगली चालवता. कधीपासून चालवता?"

"कालपासून," धाकटी म्हणाली. "काल सकाळी ह्या दादांनी शिकवली मला. तुमच्यासमोर खोटं बोलायचं होतं म्हणून शिकवली. आधी मी स्वतःहून शिकायचं म्हटलं होतं, तेव्हा माझी पोळी वाकडी होती. त्या दुपारी मला ह्या गाडीचा ब्रेक कुठे असतो हेसुद्धा माहीत नव्हतं."

"वेडी आहे ती!" दादा पुढे धावले. "बाळंतपणापासून डोकं ठिकाणावर नाही तिचं."

"काल उपजत येत होतं ना मला, दादा?"

सासूबाईंनी ठकीला छातीशी आवळलं. "पुन्हा घरात पाऊल ठेवायचं नाही, सांगून ठेवते. पोरही नाही मिळायची."

धाकटीचा नवरा तिथेच होता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. बघू म्हणण्याचीही ही वेळ नव्हती, म्हणून तो काहीच म्हणाला नाही.

तेव्हा सावलीतले साहेब उठले. तिच्याजवळ आले आणि अगदी हळू, मोठ्या भावाच्या आवाजात बोलले.

"ताई, शांतपणे विचार करा. हे एकदा लिहिलं गेलं, की चौकशी लागेल. गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या गाड्या जातील. तुमच्यामुळे. इतक्या बायकांचं नुकसान करणार तुम्ही?"

"कुठल्या बायकांच्या?" ती म्हणाली. "साहेब, तुम्हीच दर वर्षी येऊन आम्हाला सांगता, पुढे सरका, पॅसेंजरसारख्या बसलाय. आमच्यातल्या एकीची तरी गाडी आहे का? नसलेली कशी जाईल?"

साहेबांनी खिशातला फोन काढला.

"लिहा," ती निरीक्षकांना म्हणाली. "माझा परवानाही खोटा आहे, तेही लिहा. मी परीक्षा दिलेली नाही. रद्द करा, शिक्षा असेल ती द्या. मी परीक्षा देईन आणि पुन्हा घेईन. पण त्या बाईचा पाय माझ्या नावावर नका लिहू. गाडी माझ्या नावावर केली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. हे मला विचारल्याशिवाय लिहू देणार नाही."

मग ती सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.  आवारात पोलीस होते, निरीक्षक होते, आणि ठकी इतक्या जोराने आईकडे झेपावत होती, की म्हातारीला तिला धरून ठेवणं जमेना. धाकटीने लेकराला घेतलं, बाकावर बसली आणि जबाब लिहून होईपर्यंत तिथेच, सगळ्यांसमोर, तिला पाजत राहिली.  ठकीचा हात तिच्या गळ्याशी होता, घट्ट.

दादांना आतल्या खोलीत नेलं. साहेब फाटकापाशी जाऊन फोनवर कुणाला तरी घाईघाईने सांगत होते, "आजच. हो, आजच सगळ्यांना. उद्या चौकशी आली तर प्रत्येकीला चालवता आली पाहिजे. मैदानावर न्या."

*

जबाबावर सही करून धाकटी निघाली. आधी ती दवाखान्यात जाणार होती. कंगवेवालीला कुणी अजून सांगितलं नव्हतं, की तिचा पाय कुणी घेतला. त्यानंतर कुठे, हे तिला माहीत नव्हतं. गावी बहीण होती, आणि बहिणीचा नवरा बरा होता.

दवाखान्याचा रस्ता गोदामावरून जात होता. मैदानातून भोंग्यांचा गलका येत होता. ती थांबली.

अख्खी गल्ली तिथे लोटली होती. गाड्या वेड्यावाकड्या धावत होत्या, आणि प्रत्येक गाडीत एक बाई होती. पुरुष घामाघूम होऊन मागेपुढे पळत होते. "मूठ हळू! हळू म्हणतो ना! ब्रेक! अगं, तो ब्रेक नाही!" कुणी बायकोला शिव्या देत होता, कुणी गोडीगुलाबीने समजावत होता. चौकशीच्या भीतीने ते शिकवत होते. बायकांना काही मिळावं हे त्यांतल्या एकाच्याही मनात नव्हतं. सरकारने एवढा निधी ओतला, साहेबांनी एवढे फोटो काढले, त्यातून जे झालं नाही ते आता भीतीने होत होतं, आणि त्यासाठी एका म्हातारीचा पाय जावा लागला होता. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं.

एवढ्यात एक गाडी रांगेतून बाहेर पडली. तरुण पोरगी होती, नुकती लग्न होऊन आलेली. तिने मैदानाच्या कडेला वळायचं होतं. ती वळली नाही. उघड्या फाटकातून गाडी सरळ रस्त्यावर आली, धाकटीच्या अंगावरून वारा घालत गेली, आणि मागून तिचा नवरा हातवारे करत धावत आला.

"थांब! अगं, थांब! ब्रेक दाब!"

"ब्रेक माहीत आहे मला," ती मागे वळून न बघता ओरडली, आणि तिने मूठ आणखी पिळली.